कातळाच्या सावलीचा रंग

बाई, तुमचं ते चित्र मी पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी, एका शनिवारी सकाळी, इथून, बहारीनहून, विमानानं तासाभरावर असलेल्या शेजारच्या अमिरातीत. फ्रान्सहून काही काळासाठी आणलेली जुनी चित्रं तिथल्या संग्रहालयात लावली होती. त्यांत समुद्रात उभ्या असलेल्या खडकांचं, तुमच्या पुस्तकातलं चित्र होतं. मी त्याच्यासमोर अर्धा तास उभा होतो. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली, आणि ही बातमी सांगावी असं माणूस तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. पण ती सांगायची तर आधी दुसरं काहीतरी सांगावं लागतं, म्हणून इतके दिवस टाळलं. आज सुट्टी आहे. बायको खाली दुकानात गेली आहे, मुलगी जनाबियाला मैत्रिणीकडे. उम्म अल हस्समच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एसीची घरघर तेवढी आहे. म्हटलं, आज बसावं.

तुमच्या हाताखालून किती मुलं गेली असतील, म्हणून ओळख सांगतो. नववी ब, खिडकीकडचं तिसरं बाकडं, मासेमारी होडीवरच्या तांडेलाचा मुलगा. आमच्या त्या कोकणातल्या बंदराच्या गावात तुम्ही चित्रकला शिकवायला कोल्हापूरहून आलेल्या, आणि तुमच्या बोलण्याची आम्ही मधल्या सुट्टीत नक्कल करायचो. पंचविसाव्या वर्षापर्यंत तुम्ही समुद्र पाहिलाच नव्हता, हे तुम्ही वर्गात सांगितलंत आणि सगळा वर्ग हसला. आम्हाला वाटलं, समुद्र न पाहिलेलं माणूस म्हणजे केवढं अडाणी. मग एके दिवशी तुम्ही ‘आपला समुद्रकिनारा’ असा विषय दिलात. मी पाच मिनिटांत निळा समुद्र काढला आणि त्यात काळ्या रंगाचे तीन गोळे ठेवून दिले. तुम्ही बाकाशी येऊन थांबलात.

“हे काय आहे?”

“कातळ, बाई.”

“कातळ काळा असतोय होय?”

“हो, बाई.”

“बघितलायस कधी?”

पुन्हा वर्ग हसला. आमचं घर कातळापासून शंभर पावलांवर. “रोज बघतो,” मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

“रोज बघतोस म्हणून तर दिसला नाही तुला,” तुम्ही म्हणालात. आवाज चढलेला नव्हता, पण माझे कान तापले. “तू डोळ्यांनी काढत नाहीस, तोंडानं काढतोस. तोंडाला काळा एवढा एकच शब्द येतोय, म्हणून हाताला तेवढाच रंग येतोय. शाळा सुटल्यावर थांब.”

मला वाटलं, छडी मिळणार. तुम्ही मला घेऊन ओहोटीच्या वेळी कातळावर गेलात. चपला हातात घेतलेल्या, साडीचा काठ भिजलेला, शेवाळावरून दोनदा घसरलात आणि दोन्ही वेळा माझा खांदा धरलात. मोठ्या कातळाच्या सावलीत तुम्ही मला हात धरायला लावलात. “आता सांग. हाताचा रंग कसा दिसतोय?” मी म्हटलं, हाताचा रंग हातासारखा. “नीट बघ की जरा. घाई कुणाला आहे?” आणि मला आठवतं, बराच वेळ काही नाही, काही नाही, आणि मग एकदम माझ्या तळहातावर हिरवट झाक दिसायला लागली, नखांच्या कडेला जांभळट. तुम्हाला ते सांगितलं तर तुम्ही नुसती मान हलवलीत. घरी उशीर का झाला म्हणून बाबांनी विचारलं. कातळ बघायला गेलो होतो म्हटल्यावर ते जाळं विणता विणता म्हणाले, “कातळाक काय बघूचा? तो काय पळान जाता?” दुसऱ्या दिवशी मी हे तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. म्हणालात, “वडिलांना सांग, जातोय पळून. दर तासाला जातोय.”

त्यानंतर मी तुमच्या खोलीवर यायला लागलो. नारळाच्या वखारीमागच्या त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत रंगांचा वास, मागच्या खोलीत स्वयंपाक. तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवता, कोल्हापूरहून बहिणीनं पाठवलेलं भडंग स्टीलच्या ताटलीत काढता आणि मग हात पदराला पुसून ते पुस्तक आणता. तपकिरी कागदाचं वेष्टण घातलेलं, कोल्हापुरात रद्दीच्या दुकानात मिळालेलं, पाठीची शिवण सुटलेलं. एका फ्रेंच चित्रकारावरचं, मजकूर इंग्रजी. शब्दकोश मांडीवर घेऊन तुम्ही तो ओळ ओळ लावला होता. त्या फ्रेंच चित्रकाराविषयी तुम्ही असं बोलायचात, जणू तो तुमच्या माहेरच्या गल्लीत राहत होता. हा माणूस दहा-पंधरा दिवसांसाठी म्हणून एका खडकाळ बेटावर गेला आणि दोन महिन्यांवर तिथंच राहिला. पाऊस सरता सरेना. वारा एवढा, की चित्राची घडवंची दोरांनी खडकाला बांधावी लागायची. सामान वाहायला एक कोळी ठेवलेला. तेच खडक त्यानं पुन्हा पुन्हा काढले, कधी खवळलेल्या पाण्यात, कधी शांत. “आणि कंटाळला नाही बघ,” तुम्ही म्हणायचात. “आपण एक आंबा दोनदा काढा म्हटलं की कंटाळतोय.”

त्या पुस्तकातल्या एका चित्रावर तुमचा विशेष जीव. समुद्रातून वर आलेले सुळक्यांसारखे खडक, वर अगदी थोडं आकाश, बाकी सगळं पाणी. आणि त्याच चित्रापायी तुमचा एक जुना तंटा होता. गावच्या डॉक्टरांनी तुम्हाला एका औषध कंपनीचं कॅलेंडर दिलं होतं. त्यात एका महिन्याला नेमकं तेच चित्र. पुस्तकात खडकांची सावली जांभळी होती. कॅलेंडरात ती गर्द हिरवी. तुम्ही कॅलेंडरचं पान भिंतीला टाचून त्याच्या शेजारी पुस्तक उघडं धरायचात. “दोघांतला एक छापणारा खोटं बोलतोय,” तुम्ही म्हणायचात. “आणि तो माणूस काही मला येऊन सांगणार नाही, खरं काय ते.” तुम्ही स्वतः सुट्टीच्या दिवशी आमच्या टोकाच्या कातळाची चित्रं काढायचात, आणि सावलीपाशी येऊन तुमचा हात थांबायचा. बऱ्याचदा तुम्ही हिरवी करायचात, कारण कॅलेंडर नवं होतं, छपाई चांगली होती. पण मनातून तुम्हाला जांभळी हवी होती. ते मला कळायचं.

दहावीनंतर तुम्ही मुंबईच्या चित्रकलेच्या महाविद्यालयाचा फॉर्म आणलात. माझ्या हातानं भरून घेतलात. मी प्रवेश परीक्षेला गेलोच नाही, रत्नागिरीला सिव्हिलच्या डिप्लोमाला नाव घातलं. तुम्हाला सांगायला आलो तेव्हा तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, “ठीक आहे. पूल बांधणाऱ्यालाही डोळे लागतात.” मग जरा वेळानं, “भडंग घेऊन बस.” एवढाच तुमचा राग. पुढे बहारीनचा व्हिसा आला आणि निरोप घ्यायला आलो, तेव्हा तुम्ही एक वही दिलीत. विद्यार्थ्यांच्या चित्रांतून उरलेल्या कोऱ्या कागदांची, जाड दोऱ्यानं स्वतः शिवलेली. तिच्यात मी इतक्या वर्षांत एक रेघ मारली नाही. आता हे लिहितोय ते तिच्यातच.

इथं मी काय करतो ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही हसला असतात. बहारीन सपाट आहे, बाई. उथळ समुद्र, वाळू, आणि पाण्याचा रंग असा फिका की कोळंबीच्या सालीसारखा. खडकाळ किनारा नावालाही नाही. आणि माझं काम काय, तर हिद्दला बंदराच्या बाजूला, भराव घालून केलेल्या जमिनीच्या कडेनं, समुद्रात खडक रचायचे. लाटांनी भराव वाहून जाऊ नये म्हणून. खडक अमिरातीतल्या रास अल खैमाहून बार्जवर, सपाट मालवाहू होडीवर, येतात. एकेक तीन तीन, चार चार टनांचा. क्रेननं एकेक उचलून, दुसऱ्यात अडकेल असा फिरवून ठेवायचा. मी कडेला उभा राहून हातानं खुणा करतो. पंचवीस वर्षं कातळ नसलेल्या देशात मी कातळ करतोय. मागे एकदा असाच एक खडक ठेवून झाला आणि मी त्याच्या सावलीकडे बघत राहिलो. क्रेनवरचा पंजाबी ऑपरेटर वरून ओरडला, “क्या हुआ साब? टेढ़ा है क्या?” मी म्हटलं, “नहीं, ठीक है. खलास. यल्ला, अगला.” त्याला काय सांगणार?

आता ते दुसरं. तुम्ही निवृत्त होऊन कोल्हापूरला बहिणीकडे राहायला गेलात त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीनं मला आठवडाभराच्या प्रशिक्षणाला हॉलंडला पाठवलं. मी आनंदानं तुम्हाला फोन केला. तुम्ही आधी ‘जपून जा’ म्हणालात, आणि मग विचारलंत, “अरे, तिथनं पॅरिस लांब आहे काय रे?” मी म्हटलं, रेल्वेनं तीन-चार तास. “मग बघ की जमलं तर. ते चित्र पॅरिसलाच आहे. पुस्तकात खाली लिहिलंय. नुसती सावली बघून ये. बाकी काही आणू नकोस.” तुम्ही माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, “बाई, नक्की.”

मला एक रविवार मोकळा होता. तिकीट काढता आलं असतं. मी आजारी नव्हतो, गाडीही चुकली नाही. सकाळी उठलो तर बाहेर थंडी होती. बरोबरचे लोक सेल लागलेल्या मोठ्या दुकानात जाणार होते. मी त्यांच्याबरोबर गेलो, मुलीसाठी लाल बूट घेतले, स्वतःला जाकीट घेतलं, दुपारी हॉटेलवर येऊन झोपलो. बस्स, एवढंच. बहारीनला परतल्यावर तुमचा फोन येणार हे माहीत होतं. तुम्ही कधी स्वतःहून आयएसडी लावत नव्हतात, पण त्या दिवशी बूथवर जाऊन लावलात.

“गेला होतास?”

“हो, बाई.”

“मग?”

तुमचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, “जांभळी आहे, बाई. पुस्तकातलं बरोबर.”

 मग अगदी हळू म्हणालात, “मला वाटतच होतं.” मला एवढं बरं वाटलं. मी आणखी बोलत सुटलो. गर्दी किती होती, लोक कसे हळू आवाजात बोलत होते, सगळं मनानं रचलेलं. मग तुम्ही विचारलंत, “केवढं आहे रे चित्र?”

“मोठं, बाई. भिंतभर.”

“असं?” तुम्ही म्हणालात. मग जरा थांबून, “बरं झालं बघितलंस. थंडी होती का तिकडं? अंगात काही गरम होतं की नाही?” मी म्हटलं, होतं. बूथवाल्याचे आकडे पळतायत म्हणून तुम्ही फोन ठेवलात. त्यानंतरही आपण पाच-सहा वर्षं बोलत होतो, दिवाळीला, तुमच्या वाढदिवसाला. त्या चित्राचा विषय तुम्ही परत काढला नाहीत. तुम्ही गेल्याचा फोन तुमच्या भाचीनं केला, तेव्हा मी साइटवर होतो. हेल्मेट काढून बार्जच्या कठड्याला टेकलो. बाई गेल्या या दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं, आता माझं खोटं त्यांना कळायचं नाही. सुटलो, असं क्षणभर वाटलं. ते वाटल्याची लाज अजून जात नाही.

खोट्याचं असं असतं की ते एका माणसापाशी थांबत नाही. मुलगी लहान असताना तिला मी तुमच्या गोष्टी सांगायचो. घसरणाऱ्या बाई, भडंग, पळून जाणारा कातळ. आणि तिच्या बाबानं पॅरिसला जाऊन भिंतीएवढं चित्र पाहिलं, ही गोष्टही. आता ती नोकरी करते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. हे प्रदर्शन तिनंच फोनवर पाहिलं आणि मला न सांगता दोघांची तिकिटं काढली, विमानाची आणि आत जाण्याची. माझ्या वाढदिवसाची भेट. “बाबा, तुझं पेंटिंग येतंय. बाईंचं,” एवढं मात्र तिनं मराठीत सांगितलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि नको म्हणण्यासारखं काही कारण सापडलं नाही.

तर आम्ही गेलो. थंड, पांढऱ्या भिंतींच्या खोल्या. मुलगी पुढे, मी मागे. एका खोलीच्या दारात ती थांबली, भिंतीकडे बघितलं, हातातल्या माहितीपत्रकाकडे बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे.

“बाबा, इट्स टायनी!”

चित्र खरंच लहान होतं, बाई. आपल्या शाळेच्या खिडकीच्या एका झडपेएवढं. मुलगी माझ्याकडे वळली. “यू सेड इट वॉज द होल वॉल.”

मी तिच्या शेजारून पुढे गेलो आणि सावलीकडे बघितलं. तेवढंच बघायला तुम्ही पाठवलं होतंत. आधी सांगतो काय दिसलं. जवळून बघितलं तर सावलीत जांभळे फटकारे आहेत, आणि त्यांच्या अंगाला अंग लावून हिरवे. मधेच विटकरी, एक-दोन ठिकाणी गडद निळा. कुठलाही रंग कुठल्याही रंगात मिसळलेला नाही. नुसते शेजारी शेजारी ठेवलेत, स्वल्पविरामांसारखे. चार पावलं मागे गेलं की त्या सगळ्यांचा मिळून एक रंग होतो, आणि त्याला नाव नाही. पुस्तक छापणाऱ्यानं जांभळा तेवढा उचलला आणि कॅलेंडरवाल्यानं हिरवा. दोघंही अर्धं अर्धं खरं बोलत होते. खोटं बोलणारा तिसराच होता. आणि अजून एक, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे: लाट बरोबर आहे. खडकाला वळसा घालून पाणी मागच्या बाजूला खाली बसतं, तिथं फेस विरळ होतो, ते त्यानं अगदी नेमकं ठेवलंय. मी पंचवीस वर्षं तेच बघतोय. तो माणूस तिथं उभा होता, बाई. मनानं रचलेलं नाही ते.

खोलीतल्या रखवालदारानं मला दोनदा रेषेच्या मागे व्हायला सांगितलं.  नंतर खाली कॉफी घेताना मुलीनं विचारलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. दुकान, लाल बूट, दुपारची झोप, फोन.

“सो यू लाइड टू हर.”

“हो.”

“डिड शी नो?”

“माहीत नाही.”

ती कपातला फेस चमच्यानं ढवळत बसली. “आय वोर दोज शूज,” ती म्हणाली. “मला आठवतात.” मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

मागच्या आठवड्यात चुलत भावाच्या मुलाच्या लग्नाला दहा दिवसांची सुट्टी काढून गावी गेलो होतो. त्यातला एक दिवस काढून कोल्हापूरला गेलो. तुमची भाची बँकेत असते, तुम्हाला माहीतच आहे. आता ती पन्नाशीला आलीय आणि चष्म्यावरून बघताना हुबेहूब तुमच्यासारखी दिसते. मी दारात नाव सांगितलं तर ती दोन क्षण बघत राहिली आणि एकदम हसली. “म्हणजे भिंतभर तुम्हीच होय?”

मला काही कळलं नाही. तिनं बसवलं, पाणी दिलं, आणि आतून तुमचं पुस्तक आणलं. ते तपकिरी वेष्टण आता मऊ झालंय. तिनं पान उघडून दिलं. चित्राखाली इंग्रजीत बारीक अक्षरात चित्राचं नाव, पॅरिसच्या संग्रहालयाचं नाव, आणि पुढे सेंटिमीटरमध्ये आकार. मी ते पान शंभर वेळा पाहिलं होतं, खालची ओळ एकदाही वाचली नव्हती. आणि त्या ओळीखाली पेन्सिलीनं, फार जुन्या, पुसट झालेल्या तुमच्या अक्षरात: ‘म्हणजे तीन वीत बाय साडेतीन वीत.’ तुम्ही वितीनं मोजून बघितलं होतं, मी तुमच्या खोलीवर यायला लागण्याच्याही आधी कधीतरी.

“त्या दिवशी मावशी बूथवरनं आली ती तडक हे पुस्तक काढून बसली,” भाची सांगत होती. “मी विचारलं, काय झालं? म्हणाली, पोरगं गेलंच नाही तिकडं.”

“चिडल्या असतील.”

“दोन दिवस चिडली. जेवताना बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या आईनं जरा मोठी भाकरी थापली, तर ही म्हणाली, ‘बघा, भिंतभर भाकरी!’ आणि जी हसायला लागली. मग आमच्या घरात काहीही मोठं असलं की भिंतभरच. भिंतभर कलिंगड. भिंतभर डास.”

मी हसत होतो आणि मला पुढचं दिसेनासं झालं होतं. “मला का नाही बोलल्या कधी?”

“मी पण विचारलं होतं तिला. म्हणाली, त्यानं मला काय हवंय ते ओळखलं, जांभळीच सांगितली. मला बरं वाटावं म्हणून एवढं लांबनं खोटं बोलला. त्याला तोंडावर पाडून मला काय मिळणार?” भाचीनं चष्मा काढून पुसला. “आणि म्हणाली, आता माझं मलाच बघायला पाहिजे.”

मग तिनं माळ्यावरून तुमची चित्रं काढली. जुन्या सुती साडीत गुंडाळलेली, हार्डबोर्डवरची. म्हणाली, तुम्ही त्यानंतर तीन वर्षं, दर दिवाळीनंतर, एसटीनं आमच्या गावी जाऊन राहिलात, साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखत असताना. मला एका शब्दानं बोलला नव्हतात. आमचा टोकाचा कातळ. सकाळचा, दुपारचा, ढगांतला. मी एकेक चित्र उचलून खिडकीशी नेलं. पहिल्या दोनांत सावली अजून हिरवीच आहे. तिसऱ्यात तुम्ही कशाला तरी अडखळलाय, पुसलंय, खरवडलंय. आणि चौथ्यापासून पुढं, बाई, सावलीत जांभळे फटकारे आहेत आणि त्यांना चिकटून हिरवे, न मिसळता. एका कोपऱ्यात विटकरीसुद्धा. तुम्ही पॅरिसला गेला नाहीत, छापणाऱ्यांवर विसंबला नाहीत, माझ्यावर तर नाहीच. कातळावर बसून तुम्ही ते स्वतः शोधून काढलंत. मी दोन महिने ओझं वाहत होतो की हे तुम्हाला कसं सांगावं, आणि तुम्हाला ते माझ्या कितीतरी आधी माहीत होतं. मी चार पावलं मागे गेलो. रंगाला नाव उरलं नाही.

भाचीनं त्यातलं एक मला दिलं. कपड्यांच्या बॅगेत, दोन चादरींच्या मधे घालून आणलं. काल मुलीनं ते बैठकीच्या खोलीत लावलं. बायको म्हणाली, अंधारं वाटतंय. मुलगी म्हणाली, “नाही आई, थोडं मागे ये.” हे मराठीत.

आता खालून बायकोची हाक येतेय, सामान वर न्यायला. ती विचारेल काय लिहीत होतास, आणि मी म्हणेन, काही नाही, ऑफिसचं. हे कुठं पाठवायचं नाहीच. पण एक राहिलं. निघताना भाचीनं मला विचारलं, “मावशी म्हणायची तुमचा हात फार चांगला होता. अजून काढता का चित्रं?” मी म्हटलं, वेळ मिळत नाही. खरं तसं नाही, बाई. मला चित्रं काढायला कधीच आवडलं नाही. शाळेतही नाही. घरी बाबा समुद्रावर असायचे नाहीतर झोपलेले, आई मासळीच्या कामात, आणि कुणाला कुणाशी बोलायला वेळ नसायचा. तुमच्याकडे मी यायचो, कारण चहाचं पातेलं उतरवता उतरवता तुम्ही मला विचारायचात, “मग, काय बघितलंस आज?” आणि मी सांगून होईपर्यंत मधे बोलायचा नाहीत.